जेवल्यानंतरची साठ पावलं

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जेवणाच्या दिवशी, शेवटची पंगत उठेपर्यंत चार वाजतात. सोळा भाज्यांची भाजी, कढी, आंबील, वडे, भजी, पुरणपोळी आणि पोळीसोबत वाटीभर तूप. आम्ही तिघी जावा पहाटेपासून स्वयंपाकात, आणि सगळ्यांचं झालं की मग आमची पानं. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी माझं पान वाढलं तेव्हा साडेचार झाले होते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तीन पुरणपोळ्या, त्यावर वडाभात, त्यावर कढी. पोटाला तडस लागली. हात धुतला आणि घासलेल्या पराती गच्चीवर पालथ्या घालायला निघाले.

जिन्याच्या दहाव्या-बाराव्या पायरीवर छातीच्या मधोमध कोणी पाटा आणून ठेवावा तसं झालं. टोचलं नाही, जळजळलं नाही. नुसतं ओझं. डावा जबडा खालून आंबून आला. पराती पायरीवर ठेवल्या आणि तिथेच बसले. तीन-चार मिनिटांत ओझं उतरलं. धाकट्या जावेनं विचारलं, "ताई, काय होऊन राहिलं?" म्हटलं, "काही नाही गं, गॅस धरला." तिनं ओवा आणि काळं मीठ हातावर दिलं. खाल्लं, ढेकर आली, आणि गॅसच होता याची माझी खात्री पटली.

थांबलं होतं ते बसल्यामुळे, ओव्यामुळे नाही. हे कळायला मला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांपायीच हे लिहिते आहे.

मी तेव्हा ५७ वर्षांची होते, शाळेतली नोकरी चालू होती. आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर. रक्तदाब थोडा वर. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला पेरूचं झाड. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करायची आमच्या घरची पद्धत, सासऱ्यांपासूनची. मागच्या दारापासून पेरूपर्यंत तीस पावलं, परत तीस. महालक्ष्म्यांनंतर आठवड्याभरात शतपावलीतही तेच होऊ लागलं. एकदा पेरूपर्यंत जाऊन परत दाराशी आलं, म्हणजे साठ पावलं झाली, की पाटा छातीवर. थांबलं की उतरायचा. पुन्हा निघालं की कधी यायचा, कधी नाही.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, गॅस आहे, अजून चाल, म्हणजे मोकळा होईल. ह्यांनी प्रेमानंच सोबत चालायला सुरुवात केली. मी दुखणं दाबून पुढची चाळीस पावलं पुरी करायचे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आम्ही फसलो ते एका गोष्टीनं. सकाळी मी अंबाझरीला फिरायला जायचे, अर्धा तास, चांगलं झपाझप. तेव्हा काहीही होत नव्हतं. सकाळी अर्धा तास चालणाऱ्या बाईला रात्री अंगणातल्या साठ पावलांनी हृदयाचा त्रास कसा होईल? हा तर्क मला इतका पक्का वाटत होता की तो मी जवळच्या डॉक्टरांनाही सांगितला, आणि त्यांनाही तो पटला. त्यांनी ईसीजी काढला. सकाळचे अकरा वाजलेले, मी चहा-बिस्किटावर, टेबलावर शांत पडलेली. ईसीजी चोख निघाला. ॲसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन चमचे गुलाबी औषध, असं सुरू झालं. पहिले चार दिवस बरं वाटलं. बरं वाटावं अशी मनाची इतकी इच्छा असते की चार दिवस तसेच निघून जातात.

दिवाळी झाली, नागपुरात थंडी उतरली आणि साठ पावलांची चाळीस झाली. मुलगी पुण्याहून आली होती. तिनं एक साधी गोष्ट केली. वही आणली आणि रकाने आखले: काय खाल्लं, किती, मग काय केलं, दुखलं का, किती मिनिटं, कशानं थांबलं. घरात बीपीचं मशीन होतंच, त्यावर जेवणाआधी आणि जेवणानंतर पाऊण तासानं नाडी लिहायची, तीही खुर्चीत बसूनच. दहा दिवसांच्या नोंदी झाल्या. दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या-भाजीवर नाडी ७४ वरून ८० पर्यंत जायची. रात्री पाहुण्यांसोबत पाटवडीचा रस्सा, भाकरी, भात आणि वर गोड झालं त्या दिवशी ७६ वरून ९२. मी जागची हललेही नव्हते. आणि दुखणं होतं ते सगळं या मोठ्या जेवणांच्या रांगेत. रिकाम्या पोटाच्या रकान्यात एकदाही नाही.

ती वही घेऊन आम्ही धंतोलीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आधी वही बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, कुठे दुखतं ते बोलू नका, हातानं दाखवा." माझी आपोआप मूठ वळली आणि छातीच्या हाडावर गेली. त्यांनी ती मूठ पाहिली आणि मग वही उघडली. बोटाच्या टोकानं एक बिंदू दाखवणारा रुग्ण आणि मूठ किंवा पंजा ठेवणारा रुग्ण यात त्यांच्या लेखी बराच फरक असतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग विचारलं, आडवं पडल्यावर वाढतं का, वाकल्यावर वाढतं का, तोंडात आंबट येतं का, तासन् तास राहतं का. सगळ्याला नाही. चालल्यावर येतं आणि थांबलं की पाच मिनिटांच्या आत जातं? हो. "हे पोटाचं वागणं नाही," त्या म्हणाल्या. "अन्ननलिकेच्या आणि हृदयाच्या वेदना मणक्याकडे जवळपास एकाच वाटांनी जातात, म्हणून माणसाला दोन्ही एकाच जागी जाणवतात. जागेवरून ओळखू नका. कशानं येतं आणि कशानं जातं त्यावरून ओळखा."

मी माझी शंका काढली. जेवल्यावर रक्त पोटाकडे जातं, मग हृदयाला कमी पडतं, असंच ना? आमच्या घरी अंगणातला नळ सोडला की बाथरूमची धार बारीक होते, तसं? त्या म्हणाल्या, सगळ्यांना असंच वाटतं आणि ते अर्धंच बरोबर आहे.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. अन्न पोटात पडलं की आतड्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यांतली मोठी जी धमनी आहे तिच्यातला प्रवाह मोठ्या जेवणानंतर तासाभरात दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. हे जास्तीचं रक्त शरीर सगळंच दुसऱ्याच्या ताटातून काढून देत नाही. हृदय जास्त उपसतं. ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याला थोडं जास्त रक्त बाहेर पडतं. म्हणजे खुर्चीत बसून मी काहीच करत नाही असं मला वाटत होतं तेव्हा माझं हृदय एक काम करतच होतं, आणि वहीतले ९२ ठोके त्याच कामाचे होते. जितकं मोठं जेवण तितकं ते काम मोठं आणि लांबलेलं. त्यावर जिना चढणं किंवा शतपावली म्हणजे दुसरं काम, पहिलं संपायच्या आत.

आता हृदयाला स्वतःला रक्त लागतं ते त्याच्याच अंगावरच्या धमन्यांतून मिळतं, करोनरी म्हणतात त्या. आरामात असताना हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं जेमतेम वीसावा भाग या धमन्यांत जातो, मिनिटाला पाव लिटरच्या आसपास. आणि इथे हृदयाची अडचण इतर स्नायूंहून वेगळी आहे. पायाच्या स्नायूला जास्त प्राणवायू हवा असेल तर तो येणाऱ्या रक्तातून अधिक काढून घेऊ शकतो, कारण आरामात तो थोडाच काढत असतो. हृदय मात्र आरामातसुद्धा आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतं. मागे शिल्लक फार नाही. काम वाढलं की त्याला एकच उपाय, जास्त रक्त. त्यात आणखी एक गोष्ट. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, तो सैल पडतो तेव्हा. ठोके वाढले की हा मधला वेळच आखडतो. गरज वाढते आणि घ्यायला वेळ कमी, दोन्ही एकदम.

निरोगी माणसाच्या करोनरी धमन्या मागणी आली की रुंदावतात आणि काही कळतही नाही. म्हणून तर पंगतीत आठ पोळ्या खाऊन लोक सायकलवर घरी जातात. धमनी आतून अरुंद झालेली असली की ती आरामापुरतं पुरवते, वाढीव मागणी आली की हात वर करते. हे ऐकताना मला आमचा मिक्सर डोळ्यासमोर आला. महालक्ष्म्यांना मागच्या पडवीत बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर आम्ही तो लावतो. रिकामा फिरवला तर छान फिरतो. पुरणाची डाळ टाकली की नुसता घुमतो, पातं जागचं हलत नाही. रिकामा मिक्सर फिरवून पाहणं म्हणजे माझा सकाळी अकराचा ईसीजी.

नळाची गोष्ट अर्धी बरोबर कशी, तेही त्यांनी सांगितलं. हृदयाच्या आतल्या आत तसं घडू शकतं. जेवणानंतर निरोगी फांद्या रुंदावतात, रक्त सोप्या वाटेनं तिकडे वळतं आणि चोंदलेल्या फांदीमागच्या स्नायूला आणखी कमी पडतं. म्हणून जेवणानंतर छाती भरून येण्याला हृदयाचे डॉक्टर हलकं घेत नाहीत. अडथळा बराच असल्याची ती खूण असू शकते.

आणि हे काही नवं ज्ञान नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. लंडनच्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी १७६८ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, १७७२ मध्ये ते छापून आलं. अँजायना पेक्टोरिस हे नाव त्यांचंच. त्यात त्यांनी लिहिलं आहे की हा त्रास चालताना होतो, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, आणि उभं राहिलं की थांबतो. ईसीजी नव्हता, रक्ताच्या तपासण्या नव्हत्या, रुग्णाला विचारून आणि ऐकून त्यांनी हे टिपलं. चढ आणि जेवण. माझा जिना आणि पुरणपोळी अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली होती.

तपासण्या सुरू झाल्या. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठीक निघाली. हृदय आकुंचन पावायला सशक्त होतं, हे चांगलं. मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायची तपासणी. आधी तीन तास काही खायचं नाही असं सांगितलं. मी म्हटलं, त्रास जेवल्यावर होतो तर जेवूनच येते ना. त्या हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं. भरल्या पोटी जोरात चालवलं तर मळमळ-उलटी होते, धोकाही वाढतो, आणि हृदयावर किती भार पडला ते मोजताच येत नाही. पट्टा तो भार मोजून-मापून देतो.

छातीवर चिकटपट्ट्या, वायरी, दंडाला बीपीचा पट्टा. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरनं, पण पट्टा चढाचा. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. माझ्या वयाला नाडी १३९ च्या आसपास नेणं अपेक्षित होतं, २२० वजा वय आणि त्याचे ८५ टक्के, असा साधा हिशेब. पहिली तीन मिनिटं आरामात. दुसऱ्या टप्प्यात, पाचव्या मिनिटाला, नाडी १२४ असताना पाटा आला. तोच, तिथेच. मी सांगायच्या आतच तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, "मॅडम, बघा." पडद्यावर प्रत्येक ठोक्याच्या मागची रेघ, जी सरळ असायला हवी, ती खाली बसली होती. पट्टा थांबवला, जिभेखाली गोळी दिली. मला रडू आलं ते भीतीनं नाही. अडीच महिने जे फक्त मला जाणवत होतं ते कागदावर दिसलं होतं.

सकाळच्या चालण्याचं कोडंही तिथेच सुटलं. अंबाझरीचा माझा रस्ता सपाट, पोट रिकामं, त्या चालीला माझी नाडी ११० च्या वर जातच नसणार. माझी मर्यादा १२० च्या आसपास होती. रात्री जेवणाचं ओझं आधीच अंगावर घेऊन चालले की थोड्याच पावलांत मी मर्यादेला टेकत होते.

अँजिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या धमन्या पडद्यावर पाहायची तपासणी, सहा दिवसांनी होती. त्या सहा दिवसांसाठी दिलेल्या सूचना मी अक्षरशः पाळल्या. नाडी सावकाश ठेवणारी एक गोळी, म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ वाढतो. जिभेखालच्या गोळीची बाटली जवळ, घ्यायची तर बसून घ्यायची, कारण तिनं बीपी उतरतं. दिवसात दोनदा भरपेट खाण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं. जेवणानंतर तास-दीड तास जिना नाही, थंड पाण्यानं आंघोळ नाही, भांडी घासणं नाही. आणि दुखणं बसूनही आलं, किंवा गोळी घेऊनही पाच मिनिटांत उतरलं नाही, किंवा घाम फुटला, तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीला या. त्या सहा दिवसांत मला एकदाच त्रास झाला. गोळ्यांनी आणि अर्ध्या ताटानं मिळून एवढा फरक पडला.

अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली. मी पूर्ण जागी. मनगटाला सुई टोचली तेवढंच दुखलं, आतली नळी खांद्यापर्यंत आणि पुढे कधी गेली कळलं नाही. बाजूच्या पडद्यावर माझ्या हृदयावरच्या धमन्या झाडाच्या मुळांसारख्या दिसत होत्या. पुढून उतरणारी जी मोठी, तिला एलएडी म्हणतात, तिच्या वरच्या भागात चिमटा काढल्यासारखी जागा होती. नव्वद टक्के, डॉक्टर म्हणाल्या. बाहेर ह्यांना आणि मुलीला बोलावून दाखवलं, सही घेतली आणि त्याच बैठकीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, टाकायचं ठरलं.

पुढचं एक मिनिट मी विसरणार नाही. चिमट्याच्या जागी फुगा नेऊन फुगवला, तेव्हा मी सपाट पडलेली होते, आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. आणि पाटा आला. तीच जागा, तेच ओझं, तोच डावा जबडा. काही सेकंदांनी फुगा सोडला आणि ओझं उतरलं. ना पुरणपोळी, ना जिना, ना गॅस. रक्त अडलं की ते होत होतं आणि सुटलं की जात होतं. इतका सरळ पुरावा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा मिळालेला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आले. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर एकही दिवस न चुकवता, कोलेस्टेरॉलची एक, मधुमेहाच्या होत्याच.

जेवणाबद्दल मी आता हट्टी झाले आहे. घरातल्या बायकांनी सगळ्यांच्या शेवटी, चार वाजता, दिवसभराची भूक एका ताटात भागवायची आणि ताटावरून उठून थेट घासायला बसायचं, हे मी माझ्यापुरतं बंद केलं, आणि जावांनाही बंद करायला लावलं. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना आम्ही तिघी पहिल्या पंगतीला बसलो, दिरांनी वाढलं. मी एक पोळी खाल्ली, उरलेली संध्याकाळी सातला. माझ्या ८३ वर्षांच्या सासूबाईंना जेवल्यावर उठलं की चक्कर यायची, तीही आम्ही वय म्हणून सोडून दिली होती. जेवणानंतर म्हाताऱ्यांचं बीपी उतरू शकतं हे या सगळ्यात कळलं. आता त्या जेवून अर्धा तास बसून राहतात, मग उठतात.

शतपावलीचं मी पंधरा दिवसांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, करा, पण जेवून तासाभरानं आणि गप्पा मारता येतील इतकी सावकाश. त्या रात्री मी मऊ खिचडी खाल्ली, तासभर बसले आणि मग मागचं दार उघडलं. थंडी होती, शाल घेतली. हे बाजूला चालत मोठ्यानं मोजत होते. तीसला पेरूचं झाड आलं, वळलो. पन्नासच्या पुढे ह्यांचा आवाज हळू झाला. साठला आम्ही दाराशी पोचलो आणि दोघंही थांबलो. मी छातीवर हात ठेवून पाहिला. मग पुन्हा पेरूकडे वळले आणि म्हटलं, "मोजा ना, एकसष्ट."